पत्नी सुमती, पती दिगंबर

भाऊकाकांच्या ओटीवर प्रिंटर करकर करकर करत होता, आणि त्यातून निघालेला कागद पायऱ्या उतरून अंगणातल्या तुळशीपर्यंत पोचला होता. मी दिसेल ते बटण दाबत होते, पण तो ऐकेल तर शपथ. कागदावर एकच मजकूर पुन्हा पुन्हा उमटत होता. दिगंबर विष्णू कशेळकर, पत्नी सुमती. सुमती दिगंबर कशेळकर, पती दिगंबर. दिगंबर विष्णू कशेळकर, पत्नी सुमती.

दिगंबर म्हणजे माझे सासरे, अण्णा. सुमती म्हणजे माझ्या सासूबाई, आई. दोघं तिथेच बाकावर शेजारी शेजारी बसून आपापली नावं अंगणात जाताना बघत होती. शेवटी माझा नवरा श्रीरंग उठला आणि त्याने भिंतीतला प्लगच उपटला.

"कॉम्प्युटरला पण बरोब्बर कळलंय," भाऊकाकांच्या बायको नलूकाकू म्हणाल्या, "या घरात कोण कुणाच्या मागे मागे फिरतं ते."

ओटीवर जमलेले सगळे कशेळकर खो खो हसले. अण्णाही हसले. आई तेवढ्या हसल्या नाहीत, आणि त्याला कारण होतं.

झालं होतं असं. येत्या रविवारी तळेखोलच्या देवळात कशेळकरांचं कुलसंमेलन होतं. घराण्याचा जुना कुलवृत्तांत कधीचाच खिळखिळा झालेला, पुठ्ठा निघालेला, निम्मी नावं वाळवीच्या पोटात. कुलमंडळाचे अध्यक्ष भाऊकाका, म्हणजे अण्णांचे थोरले चुलतभाऊ. हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण हेडमास्तरकी काही निवृत्त झाली नव्हती. त्यांचं म्हणणं, जुनंच पुस्तक छापखान्यात नव्याने लावून घेऊ. तर कुलमंडळाच्या सभेत कधी अवाक्षर न काढणाऱ्या आमच्या आई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की माझी सून कॉम्प्युटर शिकलेली आहे, ती करील, ज्याचा त्याने येऊन आपापला कागद काढून घ्यावा, हा माझा शब्द.

मला कुणी विचारलं नव्हतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, पुण्यातली नोकरी सोडून मी रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. पण खोटं कशाला बोलू, मी टम्म फुगले. सासरचा माणूस चारचौघांत आपल्या जिवावर शब्द देतो ही काय साधी गोष्ट आहे?

आणि आता हे. भाऊकाकांनी तुळशीपासून कागद गुंडाळत आणला, माझ्या हातात दिला आणि निकाल सांगितला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत धड कागद निघाला तर ठीक, नाहीतर शनिवारी जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढायच्या, आणि यापुढे कुलमंडळात कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही. मग ते आईंकडे वळले.

"आणि सुमती, पुढच्या वेळी शब्द देताना जरा मागचापुढचा विचार करत जा."

रिक्षात आई मॉनिटर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आई फणसाचे गरे तळायला बसल्या आणि मला समोर पाट दिला. म्हणाल्या, काय बिघडलंय ते मला समजेल असं सांग. मी सांगितलं. प्रोग्राममध्ये साचे करावे लागतात, त्यांना आम्ही क्लास म्हणतो. मोदकाचा एक साचा आणि त्यातून पाहिजे तेवढे मोदक, तसंच. मी दोन साचे केले होते, एक पुरुषाचा, एक स्त्रीचा. पुरुषाच्या साच्यात एक जागा ठेवली, इथे बायको. स्त्रीच्या साच्यात एक जागा, इथे नवरा. आता प्रोग्रामने अण्णांना म्हटलं, तुमची माहिती द्या. अण्णांनी नाव सांगितलं, बायकोच्या जागेपाशी आले, आणि तुम्हाला म्हणाले, तू तुझी माहिती दे. तुम्ही नाव सांगितलंत, नवऱ्याच्या जागेपाशी आलात, आणि अण्णांना म्हणालात, तुम्ही तुमची द्या.

"आणि मग ते परत मला सांगणार."

"हो. वीज जाईपर्यंत."

आईंनी झारा कढईच्या काठावर आपटून तेल निथळलं. "असं तर आमचं रोजच चालतं. देवळात जायचं का, तर हे म्हणतात तू म्हणशील तसं. मी म्हणते तुम्ही म्हणाल तसं. आरती संपते तरी आम्ही घरीच."

पुण्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर तेजस पिंगळे बसायचा. त्याला फोन लावला. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला की यात डोकं फोडण्यासारखं काही नाही, दोघांनी एकमेकांना धरून ठेवलंय, एकाला सोडायला सांग. नवऱ्याकडे बायकोची अख्खी माहिती ठेवू नकोस, नुसतं नाव लिही. नुसतं नाव काही बोलत नाही, म्हणजे गोल फिरायचा प्रश्नच मिटला. बायकांचा साचाच काढून टाक, काम अर्ध्यावर येईल.

तासाभरात केलं. चाललं. एक माणूस, एक कागद, प्रिंटर शहाण्यासारखा थांबला. बुधवारी सकाळीच श्रीरंग स्कूटरवरून भाऊकाकांना नमुना दाखवून आला. काका खूश. अगदी जुन्या कुलवृत्तांतासारखं झालंय म्हणाले, आणि हेडमास्तरांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मिळत नाही. मी तर जिंकल्याच्या थाटात चहा टाकला.

आई चष्मा लावून अण्णांचा कागद वाचत होत्या. दिगंबर विष्णू, जन्म, शिक्षण, नोकरी एसटीत, मुलगा श्रीरंग, भार्या सुमती. त्यांचं बोट तिथे थांबलं. मग त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "माझा असा वेगळा कागद नाही ना निघणार?"

मी म्हटलं, नाही, म्हणजे तुम्ही यातच आहात.

"हो, आहेच की. जुन्यातही असंच होतं. सासूबाई अशाच, आजेसासूबाई अशाच. भार्या अमुक, आणि पूर्णविराम." त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "आपण कलम आणतो ना बागेत लावायला, त्याला चिठ्ठी असते बघ, कुठल्या रोपवाटिकेतलं, कुठल्या झाडाचं. तेवढं जरी असतं तरी बरं वाटलं असतं. असू दे. तू नको मनाला लावून घेऊ."

आता हे ऐकून कोण मनाला लावून घेणार नाही? मी श्रीरंगचा कागद काढून पाहिला. त्याच्या सगळ्या पदव्या, पायरी पायरीने. खाली भार्या उत्तरा. पुण्याला चार वर्षं घासून मिळवलेली माझी डिग्री, माझे आईबाबा, माझं जन्मगाव, सगळं साफ गेलेलं. आणि ते घालवलं कुणी, तर मीच, चहा पिता पिता. माझं डोकं असं भणकलं की काय सांगू.

दुपारी मी आईंना म्हटलं, की दुसराही मार्ग आहे, पण त्यासाठी सगळं उचकटून पुन्हा बांधावं लागेल. शुक्रवारपर्यंत होईल न होईल. नाही झालं तर हातातलं चालतं तेही मोडलेलं असेल, भाऊकाका झेरॉक्स काढतील आणि तुमचा शब्द जाईल. आणि एवढं करूनही बायकांची माहिती आहे कुणाकडे?

"मार्ग काय, ते सांग."

मी सांगितलं. पुरुष आणि स्त्री हे दोन्ही साचे रद्द. एकच साचा, व्यक्ती. प्रत्येकाला आपले आईवडील ठाऊक असतील, बस. नवऱ्याच्या साच्यात बायको नाही, बायकोच्या साच्यात नवरा नाही. मग एक निराळा साचा करायचा, लग्न. लग्नाला दोघं माहीत. प्रोग्राम आधी माणसाला त्याची माहिती विचारणार, मग लग्नांना विचारणार, की तुमच्यापैकी कुणात हा आहे? ज्यात असेल ते लग्न दोघांची नावं सांगून गप्प बसणार. गोल फिरणं संपलं, आणि ज्याचा त्याचा पूर्ण कागद.

आईंनी जरा विचार केला. "म्हणजे लग्न मोडलं तरी माणसं आपापल्या जागी शाबूत."

प्रोग्रामचा हा गुण पिंगळेलाही इतक्या थोडक्यात सांगता आला नसता. मी म्हटलं, हो, अगदी तसंच.

"मग कर. शब्द माझा आहे, गेला तर माझा जाईल. माहितीचं मी बघते."

त्या उठल्या, पदर खोचला आणि फोनपाशी खुर्ची ओढून बसल्या. पुढचे दोन दिवस आमच्या घरी स्वयंपाक अण्णांनी केला. रोज पिठलं. आई फोनवर, मी कॉम्प्युटरवर. राजापूरची जाऊ, चिपळूणची पुतणसून, दादरची चुलतसासू, एकेकीला गाठून आई विचारायच्या: लग्नाआधीचं नाव काय गं तुझं, वडिलांचं काय, गाव कुठलं, किती शिकली होतीस? पलीकडे आधी सगळ्या कशाला हवंय म्हणायच्या. मग ज्या सुरू व्हायच्या त्या थांबायलाच तयार नसायच्या. पस्तीस वर्षं शेजारी राहिलेली एक काकू मॅट्रिकला जिल्ह्यात तिसरी आली होती हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एक जण पेटी वाजवायची. एक वडिलांबरोबर पडाव घेऊन खाडी ओलांडायची.

नलूकाकूंना फोन करायचं आई टाळत होत्या. शेवटी केला. भाऊकाकांच्या बायकोला वगळून कशेळकरांचा कुलवृत्तांत होतो थोडाच? आईंनी प्रश्न विचारला आणि टोमणा ऐकायला कान घट्ट केले. टोमणा काही आला नाही. मग नलूकाकू म्हणाल्या, "द्वारका. मी द्वारका होते, सुमती." आणि त्या दोघी तासभर बोलत बसल्या. फोन ठेवल्यावर आईंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, तिचं टंकलेखन सुटलं गं लग्नात, बोटं अजून मांडीवर चालतात म्हणे.

सगळ्यांचं आलं. राहिलं फक्त आईंचं. मी विचारलं तर म्हणाल्या, लिही ना, सुमती. लग्नाआधीचं विचारलं तर उठून पाणी प्यायल्या. पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं, "सासूबाईंना शब्द दिला होता. या घरात ते नाव घ्यायचं नाही. पहिल्याच दिवशी मागितला त्यांनी, मी दिला."

मी म्हटलं, आजी जाऊन किती वर्षं झाली.

"त्या गेल्या. शब्द कुठे गेलाय?" आई म्हणाल्या. "माहेरचं आता मागे कुणी नाही विचारायला. राहू दे माझं. बाकीच्यांचं झालं ना, मला पोचलं."

शब्दासाठी जीव टाकणारी बाई. त्याच शब्दाखातर मी दोन दिवस खपत होते आणि त्याच शब्दापुढे मला हात टेकावे लागले. जिच्यापायी हा सगळा खटाटोप, तिचाच कागद कोरा राहणार. मला इतका राग आला की रडू आलं, आणि तो आईंचा होता, आजेसासूबाईंचा होता की माझा, ते काही कळेना.

शुक्रवारी दुपारी मी क्लासमध्ये शेवटचं तपासत बसले होते, तेवढ्यात दारात अण्णा. हातात छत्री, मे महिन्यात. अण्णा म्हणजे दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातलं एक भाजीवाल्याशी. समोरच्या खुर्चीवर टेकले. पंखा छान आहे म्हणाले. मग छत्रीच्या मुठीकडे बघत बोलायला लागले.

"लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहायचं असतं, ठाऊक आहे ना तुला? माझ्या आईने कानात सांगितलं, सुमती लिही. मी लिहिलं. लिहिण्याआधी विचारायला हवं होतं, पण तेव्हा कुणी विचारत नसे." मग म्हणाले, "शब्द तिने दिलाय. मी दिलेला नाही. लिहून घे."

मी लिहून घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, गाव, भावंडं, शाळा, सगळं त्यांना पाठ होतं. उठताना म्हणाले, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. आणि छत्री तिथेच विसरून गेले.

संध्याकाळी भाऊकाकांना दाखवायला फक्त त्यांचा एकट्याचा कागद नेला. त्यांनी तो वाचला. लग्नाच्या ओळीवर आले, तिथे नलिनी, पूर्वाश्रमीची द्वारका, असं वाचून त्यांच्या भुवया चढल्या. हा कुलवृत्तांत कशेळकरांचा आहे की कशेळकरांच्या सासुरवाड्यांचा, असं त्यांनी मला विचारलं. तेवढ्यात आतून नलूकाकू आल्या, त्यांनी कागद काकांच्या हातून घेतला, वाचला, आणि घडी करून कमरेला खोचला.

"कशेळकर काय झाडाला लागले होते?" त्या म्हणाल्या. "झेरॉक्स काढायची असेल तर खुशाल काढा. पण रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे आहे, हे लक्षात ठेवून काढा."

भाऊकाकांनी झेरॉक्स काढली नाही.

रविवारी देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलं, प्रिंटर लावला. आधी पुरुष आले रांगेत, रिवाजाप्रमाणे. एकेकाचा कागद निघाला, प्रिंटर मुकाट थांबला. मग मागच्या भटारखान्यातून एक काकू हात पुसत आली आणि हळूच विचारलं, माझाही निघतो म्हणे? तिचा निघाला. ती तो घेऊन आत गेली, आणि मग जे काय झालं ते बघण्यासारखं होतं. सगळ्या बायका बाहेर. कुणाच्या हाताला बेसन, कुणाच्या हातात खोबऱ्याची वाटी. भात शिजून लगदा झाला, वरण लागलं, वास मंडपभर, पण आत जायला कुणी तयार नाही. दादरच्या चुलतसासूबाई आपला कागद दुसऱ्यांदा काढून मागत होत्या, लेकीला पाठवायला. पानं मांडून बसलेले पुरुष नुसत्या मिठाकडे बघत होते.

आई रांगेत नव्हत्या. त्या एकट्याच भटारखाना सांभाळत होत्या. मी जाऊन त्यांना हाताला धरून आणलं. त्या म्हणत होत्या, माझं काय आहे त्यात, तू उगाच. मी बटण दाबलं. कागद निघाला तसा मी फाडून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा नव्हता म्हणून कागद लांब धरला. मथुरा वामन पोंक्षे. लग्नानंतर सुमती दिगंबर कशेळकर. जन्म कुंभवली. आई गोदावरी. धाकटा भाऊ यशवंत, लहानपणीच वारला. सातवीपर्यंत शाळा, शाळेत गणितात पहिली. त्यांनी तो सगळा कागद वाचला, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या. त्यांचे ओठ हलत होते, पण त्या शब्द पाळणाऱ्या होत्या, आवाज काही काढला नाही.

"यशवंताचं कुणी सांगितलं?"

मला अण्णांनी बजावलं होतं म्हणून मी गप्प राहिले. पण नजरेला कोण बजावणार? ती गेलीच. अण्णा मंडपाच्या खांबाला टेकून, खांबावर काहीतरी अत्यंत महत्त्वाचं कोरलेलं असावं तसे त्याच्याकडे बघत उभे होते.

आई कागद घेऊन सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. सगळी पंगत बघत होती.

"एवढं सगळं लक्षात ठेवलंत?"

अण्णांनी खांबावरची नजर काढली. "विसरायला काय झालं? मनात रोज त्याच नावाने हाक मारतो."

आई म्हणाल्या, "मग मोठ्याने मारा एकदा. मी नाही घेऊ शकत, तुम्ही घेऊ शकता."

सगळ्या भाऊबंदांसमोर, भाऊकाकांसमोर, बायकोला आयुष्यभर अगं आणि ऐकलंस का याखेरीज हाक न मारलेले आमचे अण्णा. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी घसा साफ केला.

"मथुरा," ते म्हणाले.

आणि आई म्हणाल्या, "ओ."